नक्की फायनल

अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात,
झेरॉक्सच्या दोन दुकानांमध्ये दाबून बसवलेलं
माझं डीटीपीचं टेबल.
इथे कुणी ‘अंतिम’ म्हणत नाही.
अंतिमला वैकुंठाच्या धुराचा वास येतो,
नाहीतर मग क्रिकेटचा.
सगळे म्हणतात फायनल.

ताई, पत्रिका छापा, मुलीचं फायनल झालं.
म्हणजे तिचं आता कुठे सुरू होणार.
धायरीचा फ्लॅट फायनल,
म्हणजे वीस वर्षांचे हप्ते.
मंडईत भेंडीवाली म्हणते, फायनल बोला,
आणि तिथून पुढे खरी घासाघीस.
शेजारच्या गाडेकरांचा सौमित्र
फायनल इयरला आहे. तिसऱ्यांदा.

हेरवाडकर कोर्टात भाषांतरकार होते, एकतीस वर्षं.
फायनल ऑर्डर: अंतिम आदेश.
फायनल हिअरिंग: अंतिम सुनावणी,
आणि तिची पुढची तारीख.
हे सांगताना ते हसत नाहीत,
फक्त चष्मा पुसतात.

त्यांचं मृत्युपत्र माझ्या मशीनमध्ये आहे.
पहिली फाईल ‘फायनल’.
मग ‘फायनल २’,
त्यात गोदरेजचं कपाट थोरल्याकडून धाकटीकडे गेलं.
‘फायनल नवीन’. ‘नवीन फायनल’. ‘फायनल नक्की’.
एकदा तर नुसता स्वल्पविराम हलवायला आले
शनिपारावरून चालत, मे महिन्यात,
सात रुपये झाले, दहा दिले,
म्हणाले, तीन पुढच्या खेपेला जमा धर.

काका, मी विचारलं, वरती तुम्हीच लिहिलंय
‘हे माझे अखेरचे मृत्युपत्र’,
मग दर दोन महिन्यांनी?
अखेरचं म्हणजे आत्तापर्यंतचं, ते म्हणाले.
एवढाच अर्थ: याआधीची सगळी रद्द.
यानंतरच्यांबद्दल ते काही बोलत नाही.
आणि ‘अखेरचे’ ठळक का केलंस? साधं ठेव.

शेवटचा हा घरातला शब्द आहे, ते सांगतात.
शेवटची पोळी कुणी घ्यायची यावरून जेवण लांबतं.
शेवटचं मूल म्हणजे शेंडेफळ, त्याला लाड जास्त.
कात्रज शेवटचा स्टॉप,
तिथेच बस वळते
आणि तोच पहिला होतो.
निर्णायक नेहमी छाती फुगवून चालतो.
निर्वाणीचा इशाऱ्याचं बोट धरून येतो,
एकटा असा कधी दिसला नाही.
त्यापेक्षा पक्का बरा,
रंगालाही चालतो, चोरालाही.

गेल्या मंगळवारी त्यांची फाईल उघडायला गेले
आणि माझी उघडली.
परस्परसंमतीने विवाहविच्छेद,
अर्जदार क्रमांक दोन, मी.
फाईलचं नाव नुसतं ‘नवीन १’.
चौदा महिने झाले,
दिवसाला पन्नासदा टाईप करते तो शब्द,
इथे बोट गेलं नव्हतं.

त्यांनी वाचलं.
समोर आलेलं वाचणं हा धंदाच त्यांचा,
डोळे थांबत नाहीत.
मी माऊस शोधत होते, तो हातातच होता.

‘कायमस्वरूपी’तला रू, ते म्हणाले,
दीर्घ आहे. तू ऱ्हस्व केलायस.

एवढंच.
मग मान बाहेर वळवून
समोरच्या दुकानात टांगलेल्या शाळेच्या वह्या
बराच वेळ बघत बसले.
चल, माझं काढ, म्हणाले.
कपाट परत थोरल्याला.

रात्री शटर ओढण्याआधी
रू दीर्घ केला.
मशीनने विचारलं, कोणत्या नावाने सेव्ह करू?
बाहेर कुणीतरी पाण्याचा हंडा आपटला,
कर्सर लुकलुकत राहिला.
लिहिलं, ‘फायनल २’.

पहिली फायनल कुठेच नव्हती.